ठेकेदार वाढीव काम सांगतो तेव्हा काय करायचं? विदर्भातल्या खेड्यात नवं घर बांधणाऱ्यांसाठी

पाच फुटांवर मुरूम लागेल असं धरून पाया खोदायला घेतला आणि पाच फुटांवरही काळी मातीच निघाली. ठेकेदार म्हणतो, "भाऊ, अजून दोन फूट जावं लागते, साठ हजार वाढतील." जेसीबी तासाच्या भाड्यावर उभा आहे, मजूर बसून आहेत, आभाळ भरून येतंय. अशा घाईत "बरं, करा" म्हटलं जातं आणि त्याचं भांडण शेवटच्या हप्त्यापर्यंत पुरतं.

वाढीव काम निघालं म्हणजे ठेकेदार लबाड, असं समजू नका. जमिनीच्या पोटात काय आहे हे खोदल्यावरच कळतं, आणि काळ्या मातीत उथळ पाया ठेवणारा ठेकेदार तुमचं जास्त नुकसान करतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंती तिरप्या फाटतात. खरी अडचण पुढे येते. काम नेमकं किती वाढलं हे कोणी मोजत नाही, दर आधी ठरलेला नसतो, आणि खड्डा बुजला की मोजायला काही उरत नाही. काम झाकलं जाण्याआधी माप आणि सुरू होण्याआधी दर, एवढं पाळलं तर बहुतेक वाद उभेच राहत नाहीत.

पायरी १: करारापूर्वी जमीन बघा

प्लॉटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत तीन बाय तीन फुटांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत खोदून घ्या. जेसीबीचं तास-दोन तासांचं काम आहे, आणि अख्ख्या बांधकामात याहून स्वस्त विमा नाही. एकाच कोपऱ्यात खोदून भागत नाही, कारण जुनी विहीर, उकिरडा किंवा नाल्याचा भराव प्लॉटच्या एकाच बाजूला असू शकतो. खड्डे उन्हाळ्यात घ्या. पावसाळ्यात पाणी भरतं आणि थर दिसत नाहीत. शेजारच्या घराचा पाया किती खोल गेला आणि जवळच्या विहिरीला मुरूम कुठे लागला, हेही विचारून ठेवा.

मुरूम सात-आठ फुटांवर असेल तर तीच खोली नकाशात आणि करारात लिहा. मग ते वाढीव काम राहतच नाही. काळी माती फारच खोल असेल तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेला काँक्रीटचा खोल खांब) सुचवतो, ज्याची खोली सहसा साडेतीन मीटरच्या आसपास असते. तो निर्णय करारापूर्वीच झाला पाहिजे. अर्धे खड्डे खोदून झाल्यावर पद्धत बदलणं फार महाग पडतं.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण (खाऱ्या भूजलाच्या) पट्ट्यात जमिनीबरोबर पाणीही तपासा. सळाख असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा आहे. खारं पाणी वापरलं तर आतली सळाख गंजून फुगते आणि काही वर्षांत काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. बोअरचं पाणी चालणार नसेल तर टँकर कोणाचा, हे करारात लिहा. "पाणी मालकाचं" एवढे दोनच शब्द लिहिले की सगळे टँकर तुमच्या अंगावर येतात.

पायरी २: कराराच्या कागदावर या जागा भरून घ्या

५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार करा. नकाशाची प्रत त्याला जोडा आणि नकाशाच्याही प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. "चांगल्या प्रतीचं काम" अशा शब्दांना मोजमाप नसतं. त्याऐवजी हे लिहा: फुटिंगची (कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकीची) खोली, प्लिंथची (जोत्याची) उंची, कॉलमचं माप आणि सळाख, स्लॅबची जाडी, सिमेंटचा प्रकार, दारं-खिडक्यांची संख्या आणि माप, लाइटचे पॉइंट किती, नळाचे पॉइंट किती, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कोणाकडे, उधईचा बंदोबस्त कोणाकडे.

सगळ्यात मोठा वाद मात्र चौरस फुटावरून होतो. दर चौरस फुटाचा ठरतो, पण चौरस फूट कशाचा ते ठरत नाही. घर २५ बाय ३६ फूट म्हणजे प्लिंथवर ९०० चौरस फूट. स्लॅब चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढला तर तोच आकडा २९ बाय ४०, म्हणजे ११६० होतो. फरक २६० चौरस फुटांचा. समजा दर १५०० रुपये आहे, तर ३ लाख ९० हजार रुपये एका न विचारलेल्या प्रश्नाचे झाले. मोजणी प्लिंथवर की स्लॅबवर, छज्जा धरायचा का, जिन्याची मुमटी (जिन्यावरची खोली) धरायची का, पॅरापेट (गच्चीची कठडा-भिंत) दरात आहे की रनिंग फुटाने वेगळी, हे चारही प्रश्न लेखी सोडवा.

त्याच कागदावर वाढीव कामाचा दरतक्ता मागा. करार होण्याआधी ठेकेदाराला काम हवं असतं, म्हणून तेव्हा दर रास्त मिळतो. तक्त्यात खोदकाम दर ब्रास (शंभर घनफूट), मुरूम भराई धुम्मस करून (ठोकून दाबून) दर ब्रास, साधं काँक्रीट आणि सळाखेचं काँक्रीट दर घनफूट, सळाख कापून-वाकवून-बांधून दर किलो, नऊ इंची आणि साडेचार इंची भिंत, प्लास्टर दर चौरस फूट, लाइटचा पॉइंट दर नग असावा. प्रत्येक दरापुढे "माल-मजुरीसकट" की "फक्त मजुरी" हे लिहा.

माल-मजुरीच्या ठेक्यात भाववाढीची ओळही हवी. सिमेंट, सळाख, रेती, गिट्टी आणि विटा यांचे कराराच्या दिवसाचे भाव लिहून ठेवा. भाव दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तरच वरचा फरक द्यायचा, तोही वाढीनंतर घेतलेल्या मालावर आणि पक्क्या बिलावर. पावसाळ्यात नदीतून रेती काढणं बंद असतं आणि भाव चढतो, हे प्रत्येक ठेकेदाराला ठाऊक असतं. जूनआधी रेती टाकून ठेवायची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेलं असलं की ऑगस्टमध्ये "रेतीचा भाव वाढला" हे कारण चालत नाही.

हातात एकूण खर्चाच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवा. खरिपाच्या बियाण्या-खतासाठी ठेवलेले पैसे यात धरू नका. बँकेचं कर्ज मंजूर नकाशावर आणि टप्प्याटप्प्याने मिळतं, त्यामुळे वाढीव कामाचा पैसा बहुतेक वेळा स्वतःलाच घालावा लागतो. घरकुल योजनेतही तसंच. सपाट प्रदेशासाठीचे १ लाख २० हजार रुपये किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांच्या घराच्या हिशेबाने आहेत. त्यात एक खोली वाढवली तर अनुदान वाढत नाही.

पायरी ३: हे वाढीव काम कोणामुळे निघालं?

ठेकेदाराने वाढीव काम सांगितलं की पहिला प्रश्न हाच. जमिनीमुळे किंवा नकाशात नसलेल्या अडचणीमुळे निघालं असेल तर खर्च तुमचा, पण मोजून. तुमच्या सांगण्यावरून निघालं असेल, जसं की छपरीची खोली केली किंवा खिडकी मोठी केली, तरी खर्च तुमचाच.

ठेकेदाराच्या चुकीमुळे किंवा विसरण्यामुळे निघालं असेल तर खर्च त्याचा. कॉलम ओळीत नाही म्हणून भिंत जाड करावी लागली, स्लॅब पाणसळीत नाही म्हणून वर जादा कोबा आला, काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या म्हणून दुरुस्ती निघाली, नकाशात असलेला लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) "दरात धरला नव्हता", हे सगळं याच खात्यात येतं. इथे गोड बोलूनही पैसे मागितले जातात आणि लोक देतात, कारण मिस्त्री नाराज झाला तर काम अडेल अशी भीती असते. नकाशावर दोघांच्या सह्या असतील तर बोट ठेवून दाखवता येतं, आवाज चढवावा लागत नाही.

पायरी ४: आकडा सुटा करून मागा

"साठ हजार वाढतील" हा आकडा एकरकमी कधीच मान्य करू नका. काय, किती आणि कोणत्या दराने, असे तीन रकाने मागा. वरचंच उदाहरण घेऊ. चार बाय चार फुटांची नऊ फुटिंग आहेत आणि प्रत्येक खड्डा पाचऐवजी सात फूट न्यायचा आहे.

वाढीव खोदकाम: ९ × ४ × ४ × २ = २८८ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८८ ब्रास.

पण जेसीबीचा खड्डा चार बाय चारचा होत नाही. काळ्या मातीच्या कडाही ढासळतात. पाच बाय पाच धरला तर हेच माप ४५० घनफूट होतं. म्हणून पैसे नकाशाच्या मापावर की प्रत्यक्ष खड्ड्यावर, हे आधी ठरवा. नकाशाच्या मापाला चारही बाजूंनी सहा इंच सवलत देणं दोघांनाही रास्त पडतं.

आता खाली गेलेल्या दोन फुटांचं काय करायचं, यात दोन मार्ग आहेत आणि खर्चात बराच फरक आहे.

पहिला मार्ग: फुटिंग सात फुटांवर बसवून कॉलम दोन फूट लांब करायचा. ९ बाय १२ इंची कॉलम असेल तर वाढीव काँक्रीट ९ × ०.७५ × २ = १३.५ घनफूट. एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या घनमीटरला सुमारे आठ पोती सिमेंट लागतं, त्या हिशेबाने तीन पोती. उभ्या सळाखा प्रत्येक कॉलमला १२ मिमीच्या सहा धरल्या तर १०८ फूट, म्हणजे सुमारे ३३ मीटर. १२ मिमी सळाखेचं वजन मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे २९ किलो. सहा इंचांवर एक अशा ८ मिमीच्या ३६ रिंगा, प्रत्येकी तीन फूट, मीटरला ०.३९५ किलोने १३ किलो. चार बाय चारच्या मापाने खड्डा बुजवायला धुम्मस केलेला पावणेतीन ब्रास, म्हणजे सैल साधारण साडेतीन ब्रास मुरूम.

दुसरा मार्ग: खालचे दोन फूट १:४:८ (सिमेंट : रेती : गिट्टी) च्या साध्या काँक्रीटने भरून फुटिंग मूळच्या पातळीवर ठेवायचं. २८८ घनफुटांना साधारण २८ पोती सिमेंट, १.४ ब्रास रेती आणि २.७ ब्रास गिट्टी लागते.

एकीकडे तीन पोती सिमेंट, ४२ किलो सळाख आणि मुरूम, तर दुसरीकडे २८ पोती आणि रेती-गिट्टी. तुमच्या गावचे भाव लावले की साठ हजार बरोबर आहेत की नाहीत हे तासाभरात कळतं. मात्र कॉलमची लांबी वाढवायची का, हे इंजिनिअरनेच ठरवायचं. लांब कॉलमचा हिशेब बदलतो आणि प्लिंथ बीमची पातळीही पाहावी लागते. कॉलम, बीम, स्लॅब, फुटिंग यांतला कोणताही बदल मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

आणि खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा पायात किंवा प्लिंथमध्ये भरू देऊ नका. मुरमाचे पैसे लावून आत हीच माती ढकलली जाते. वर्षभराने फरशी उचलली जाते तेव्हा कारण झाकलेलं असतं. मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा, आणि प्रत्येक ट्रिपची पावती ठेवायची.

सळाख "जाड टाकली" म्हणून पैसे मागितले तर वजन हाच पुरावा. १० मिमीची मीटरला ०.६१७ किलो, १२ मिमीची ०.८८८ किलो, १६ मिमीची १.५८ किलो. दहाच्या जागी बारा टाकली तर वजन ४४ टक्के वाढतं, त्याहून जास्त नाही. आणि बदल इंजिनिअरने सांगितला असेल तरच तो वाढीव.

पायरी ५: चिठ्ठी लिहा, मग फावडं लागू द्या

दोन प्रतींची साधी वही घ्या. प्रत्येक वाढीव कामाला क्रमांक द्या. नमुना असा:

वाढीव काम क्र. १. तारीख. काम: ९ फुटिंगचे खड्डे ५ ऐवजी ७ फूट, कॉलम २ फूट वाढीव. कारण: ५ फुटांवर काळी माती, ७ फुटांवर कडक मुरूम. माप: खोदकाम २८८ घनफूट, काँक्रीट १३.५ घनफूट, सळाख ४२ किलो, मुरूम भराई २.७५ ब्रास. दर: करारातल्या तक्त्याप्रमाणे. एकूण रक्कम. वजावट: नाही. मुदत: ३ दिवस वाढीव. पैसे: प्लिंथच्या हप्त्याबरोबर. मालक, ठेकेदार आणि इंजिनिअर यांच्या सह्या.

चिठ्ठीबरोबर फोटो काढा. खड्ड्यात टेप उभा धरून, आकडा वाचता येईल असा जवळून एक, आणि कोणता खड्डा ते कळेल असा लांबून एक. स्लॅबची सळाख, भिंतीतले पाइप, सेप्टिक टँकचा तळ, या झाकल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टींना हाच नियम.

ठेकेदार सही टाळत असेल तर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. घरातला एकच माणूस बदल सांगेल, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. सकाळी बाबा म्हणतात खिडकी इकडे, दुपारी काका म्हणतात तिकडे, आणि मिस्त्री दोघांचं ऐकतो. तोंडी सांगितलेलं काम फुकट होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा तुम्ही घेतला तर मोबदला द्यावा लागू शकतो.

वजावट विसरू नका

बदलात काही वाढतं तसं काही कमीही होतं. सागवानी चौकट काढून ग्रॅनाइटची लावली तर ग्रॅनाइटची पूर्ण किंमत लागत नाही, त्यातून सागवानी चौकटीची रक्कम वजा होते. आतली भिंत रद्द केली तर विटा, प्लास्टर आणि रंग तिन्ही कमी होतात. साडेचार इंची भिंतीच्या शंभर चौरस फुटांना साडेचारशे ते पाचशे विटा लागतात आणि प्लास्टर दोन्ही बाजूंचं दोनशे चौरस फूट. लाल विटांऐवजी राखेच्या विटा घेतल्या तर भावातला फरक कोणाच्या बाजूने जातो ते पाहा. वजावटीचा रकाना चिठ्ठीत असला की विचारायचं राहून जात नाही.

नेहमी अंगावर येणारी कामं

प्लिंथची उंची हे खेड्यातलं सर्वात मोठं वाढीव काम. ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता जुन्या रस्त्यावरच चढतो, दुसऱ्यांदा झाला की आणखी चढतो, आणि दोन फुटांची प्लिंथ रस्त्याच्या बरोबरीला येते. मग अर्ध्या कामात "एक फूट वाढवू" असं ठरतं. वरच्याच ९०० फुटांच्या घरात, बाहेरच्या भिंती १२२ फूट आणि आतल्या ६० फूट धरल्या, तर एक फूट उंचीला नऊ इंची भिंतीच्या सुमारे १६०० विटा आणि साधारण १० ब्रास सैल मुरूम लागतो. कॉलम फूटभर लांब होतात आणि दारात दोन पायऱ्या वाढतात. म्हणून रस्ता अजून एकदा चढणार असं धरून प्लिंथ नकाशातच उंच घ्या.

लाइटचे पॉइंट प्लास्टरआधी भिंतीवर खडूने काढून मोजा. प्लास्टरनंतर एक पॉइंट वाढवायचा म्हणजे झिरी फोडणं, पाइप, पुन्हा प्लास्टर आणि रंग.

सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या) भाड्याचा वाद उन्हाळ्यात निघतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचेही १४ दिवस ठेवायचे असतात. हे दिवस मूळ दरातच येतात, त्याचं वेगळं भाडं लागत नाही. पाणी मारणंही तसंच. आपल्या उन्हात किमान १० दिवस आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस मारा.

मजुरांमुळे वाढलेली मुदत वेगळी मोजा. पेरणीत आणि कापूस वेचणीत मजूर वावरात जातात, पूर्व विदर्भात एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याला जातात. हे ठेकेदाराला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्या काळातली वाढीव मजुरी त्याच्या हिशेबात असायला हवी.

पैसे आणि वाद

वाढीव कामाचे पैसे मूळ हप्त्यात मिसळू नका. वेगळी पावती, त्यावर चिठ्ठीचा क्रमांक, शक्यतो बँकेतून. इसार म्हणून फार तर मालापुरतं द्या, बाकी माप तपासून. ठेकेदार "जीएसटी वेगळा" म्हणाला तर नोंदणी क्रमांक आणि पक्कं बिल मागा. दोन्ही नसतील तर ती रक्कम देऊ नका.

दरावर जमत नसेल तर फक्त तेवढंच काम थांबवा, बाकीचं चालू ठेवा. मोजणीवरच वाद असेल तर दोघांनी मिळून एक तिसरा इंजिनिअर ठरवा, त्याची फी अर्धी-अर्धी द्या आणि त्याचं माप मान्य करायचं हे आधी लिहून घ्या. काम सोडून जाण्याची धमकी आली तर त्याच दिवशी झालेल्या कामाचं माप आणि फोटो घ्या, साइटवरच्या मालाची यादी करा आणि लेखी नोटीस पाठवा. नव्या मिस्त्रीने हात लावल्यावर जुनं माप सिद्ध करणं कठीण जातं.

पैसे घेऊन घर बांधून देणं ही ग्राहक कायद्याखाली सेवा आहे. अपुऱ्या किंवा सदोष कामाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आधी विचारून घ्यायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एकूण रकमेच्या पाच टक्के रोखून ठेवण्याची अट करारातच घाला आणि ती रक्कम पहिला पावसाळा गेल्यावर, स्लॅब, प्लिंथ आणि कोपऱ्यांतल्या भेगा इंजिनिअरकडून पाहून झाल्यावर द्या.